दाजींच्या गळ्यातला पाइप

भोसरीत माझं गॅरेज आहे आणि तिथली एक रीत मीच पाडली आहे. चुकीचा पाइप बसवणाऱ्याच्या गळ्यात त्याच जातीच्या पाइपाचा हार घालायचा, टोकं जोडून वर स्क्रूची क्लिप आवळायची, आणि त्यानं दिवसभर तसंच काम करायचं. गिऱ्हाईकं बघून हसतात. ओरडून जे डोक्यात शिरत नाही ते यानं शिरतं.

माझे दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, चाकणला कंपनीत सुपरवायझर होते. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात आपण गेलो, असं त्यांनी घरी सांगितलं. मी त्यांना कामावर घेतलं. जावयाला पाट मांडून वाढायचं असतं. या जावयाचे हात मी ऑइलात घातले आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. लग्नात मानपानावरून याच माणसानं माझ्या वडिलांना मांडवात ताटकळत ठेवलं होतं.

एका ऑटोमॅटिक गाडीचा कूलर पाइप त्यांनी बदलला. अशा गाडीत गिअरबॉक्सचं तापलेलं ऑइल पाइपातून पुढच्या कूलरला जातं आणि गार होऊन परत येतं. त्याला ऑइलचाच पाइप लागतो. तो कडक असतो, चढवताना जीव काढतो. दाजींनी रेडिएटरच्या पाण्याचा पाइप उचलला. माप तेच, अंगानं मऊ, सहज चढला. सहज चढला म्हणजे बरोबर, हा साहेबी हिशोब. ऑइलनं रबर फुगलं, पाइप निसटला आणि गाडी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडली. टोइंगवाल्यानं आणून दारात सोडली.

मी हार घातला. दाजी हळूच म्हणाले, ती डबा घेऊन येईल, तेवढ्यापुरता काढा. मी म्हटलं, नियम सगळ्यांना एकच.

बहीण आली. आता माझी खरडपट्टी निघणार, असं वाटलं होतं. तिनं त्यांच्या गळ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते मला विचारून घेतलं. मग डबा बाकड्यावर ठेवून नवऱ्याला शांतपणे म्हणाली, "कंपनीनं पण असल्याच कामासाठी काढलं ना तुम्हाला? म्हणे माणसं कमी केली."

दाजी पुसलेलाच पाना पुन्हा फडक्यानं पुसायला लागले. सगळ्या गॅरेजला उत्तर कळलं. इतकं तर मलाही सुचलं नसतं. ती गेल्यावर त्यांनी हार गळ्यात ठेवूनच डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून डबा ते स्वतःच घेऊन येतात. कूलरचे पाइप आता तेच निवडतात, चुकणाऱ्याला हारही तेच घालतात. परवा एका नव्या मेकॅनिकला घातला. बायको येणार आहे, तेवढ्यापुरता काढा, म्हणून तो हाता-पाया पडला. दाजींनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि क्लिप आणखी आवळली.

"येऊ दे की," ते म्हणाले.