शेवटच्या रांगेतली डावीकडची जागा

भाऊजी,

तुम्ही वरच्या खोलीत, मी खाली, मध्ये एक जिना. तरी पत्र लिहावं लागतंय, कारण तुमचे कान आता पार गेले. जन्म ढोलांपुढे काढल्यावर दुसरं काय होणार? ओरडून सांगायला जावं तर तुमच्याआधी शेजारणीला कळतं. शाळेने बँडचा इतिहास मागितला, तर तुम्ही हात झटकून मोकळे. म्हणे, वहिनी कॉलेजात शिकल्यात, त्या लिहितील. बरं, लिहिते. पण 'तुम्ही असं केलंत, तुम्ही तसं केलंत' लिहीत बसले तर ओळीओळीला हरकत घ्याल. म्हणून तुम्हाला बाजूला बसवते, स्वतःलाही 'वहिनी'च म्हणते, आणि घडलं तसं सांगते. काही चुकलं तर खाली या. नको, येऊ नका. वरून चिठ्ठी टाका.

शाळेचा बँड काढला तो जुन्या मास्तरांनी. लष्करातून निवृत्त होऊन ते कवायत शिकवायला आले होते. चेपलेले बिगूल त्यांनी ठोकून सरळ केले आणि फाटक्या ढोलाला स्वतः कातडं चढवलं. मुलं मात्र त्यांनी सुरावरून निवडली नाहीत, चालीवरून निवडली. "वाजवायला मी शिकवीन. चालणं घरून घेऊन या," म्हणायचे. त्यांचा एकच नियम होता. मास्तराने पथकाच्या पुढे चालायचं आणि मागे वळून बघायचं नाही. कोण चुकलं ते पावलांवरून ओळखायचं.

त्यांच्या हाताखाली भाऊजी तयार झाले. पहिल्यांदा मास्तराची काठी हातात आली त्या सकाळी ते छाती काढून मैदानभर चालले आणि खड्या आवाजात म्हणाले, "पथक, थांब."

सगळे पाय एकदम आपटले. मग, पापणी लवेल इतक्या वेळाने, आणखी एक.

"शेवटचा कोण तो?"

 भाऊजींनी एकेकाला चालवून पाहिलं. सगळे चोख. पुन्हा सगळ्यांना एकत्र चालवलं, तर पुन्हा ते उशिराचं पाऊल. जुने मास्तर पायरीवर संत्रं सोलत बसले होते.

"त्याच्यावर ओरडू नका," ते म्हणाले. "आपल्यातलंच आहे ते."

"कोण आहे पण?"

"मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. शेवटच्या रांगेतली डावीकडची जागा मोकळी ठेवा. जागा असली की ते कुणाच्या वाटेला जात नाही."

भाऊजींना हे पटलं असं नाही, पण त्यांनी जागा मोकळी ठेवली. मुलं आली, मिसरूड फुटून गेली, दुसरी आली. ते पाऊल राहिलं. भाऊजींना त्याची इतकी सवय झाली की ते आल्याशिवाय पुढचा हुकूम त्यांच्या तोंडून निघेना. मुलं तर निर्लज्जच. "सर, त्याची पण हजेरी लावा की. रोज येणारा तेवढा एकच आहे." घरी वहिनी वेगळंच म्हणायची. "भाऊजी, तुमच्या सगळ्या बँडात जो दिसत नाही तोच एक शहाणा दिसतो. मागत काही नाही."

मग शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या. स्पर्धा तोंडावर होती. बाईंनी सराव पाहिला आणि विचारलं, "शेवटच्या रांगेत दात पडल्यासारखी ही फट कसली?"

भाऊजी काय सांगणार? ते म्हणाले, "जुनी पद्धत आहे."

"परीक्षक गुण कापतील. भरा ती."

भरायला मुलं होती पुष्कळ. पण भाऊजी सरळ माणूस, आणि सरळ माणसाचा सरळपणाच कधी कधी गळ्याशी येतो. लोकांचं लेकरू त्या जागी उभं करायला त्यांचं मन धजेना. म्हणून त्यांनी घरचंच केलं. वहिनीची मुलगी, सगळे तिला भिंगरी म्हणत, बँडात ट्रँगल वाजवायची. तिला त्यांनी तिथे ठेवलं. वहिनीला यातलं काही सांगितलं नाही.

स्पर्धेत बँड झकास वाजला. भाऊजींनी थांबण्याचा हुकूम दिला. सगळे पाय एकदम पडले आणि त्यानंतर काही नाही. भाऊजी वाट बघत राहिले. टाळ्या सुरू झाल्या, तरी त्यांचे कान मागेच. शेवटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. रांगा आखल्यासारख्या सरळ होत्या. भिंगरी खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

बँड पहिला आला. त्याच संध्याकाळी भिंगरी घरी जिना चढत होती आणि वहिनी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. पोर मध्येच थांबली. तिच्या मागून एक पाऊल पडलं, तिच्याचसारखं हलकं.

"भिंगरे, चढतेस की उतरतेस?"

"मी थांबलेय, आई."

त्यानंतर भिंगरी पळायची थांबली. खुर्चीपाशी आली की क्षणभर उभी राही आणि पाऊल पडलं की मग बसे. पलंगावर डावीकडची बाजू मोकळी सोडून, अंग चोरून झोपे. वहिनीने विचारलं तर म्हणाली, "त्याला कुठे जागा आहे, आई?" अगदी सहज, पाणी मागावं तशी. तेव्हा कुठे भाऊजींनी सगळं सांगितलं. वहिनीने त्यांना पुरतं ऐकून घेतलं.

"आणलंत तुम्ही. आता न्यायचं पण तुम्हीच."

"नेतो, वहिनी."

म्हणणं सोपं होतं. दुसऱ्याच दिवशी भाऊजींनी भिंगरीला पुढच्या रांगेत घेतलं आणि मागची जागा मोकळी केली. ते तिकडे फिरकलं नाही. आता त्याला माणूस मिळालं होतं, रिकामी जागा घेऊन ते काय करणार? पोर वाळत चालली. भाऊजींनी तिला भर दुपारी मैदानावर एकटीला चालवलं. विनवून पाहिलं, दमदाटी केली. ती थांबली की मागून टप्. मग त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली. पोर आपणहून त्या जागी गेली नव्हती. हुकमाने उभी राहिली होती.

भाऊजी निवृत्त होत होते, त्यांच्या निरोपाचं संचलन होतं. पाहुणे बसले होते. भाऊजींनी काठी भिंगरीच्या हातात दिली.

"तू पुढे हो. मागे बघायचं नाही."

"आणि तुम्ही, काका?"

"मी तुझ्या जागी. मला तिथे जायचा हुकूम दे. मग पथक चालव, मग थांबव."

तिने हुकूम दिला. पांढऱ्या केसांचा माणूस शाळकरी पोरांच्या शेवटच्या रांगेत डावीकडे जाऊन उभा राहिला. पाहुणे कौतुकाने हसले. पथक मैदानभर फिरलं. भिंगरी म्हणाली, "थांब." पाय एकदम पडले. मग एक पाऊल, जड, बुटाचं.

भिंगरीने मागे पाहिलं नाही. काठी तिथेच टाकून ती पळत घरी आली. वहिनी दारात होती. पोर उंबऱ्याशी थांबली, आणि अंगणात दुसरा आवाज झाला नाही. थोड्या वेळाने भाऊजी आले. तेही उंबऱ्याशी थांबले. वहिनीने ऐकलं. "या," एवढंच म्हणाली, आणि एका माणसाला लागते त्याहून जास्त वाट सोडून बाजूला झाली.

भिंगरी आता परगावी नांदते. तिच्या पायांना पुन्हा भिंगरी लागली आहे. भाऊजींना स्वतःचंच पाऊल ऐकू येत नाही, मागचं कुठून येणार? ते जिन्यावर थांबतात, भुवया उंचावून वहिनीकडे बघतात. वहिनी मान हलवते, आहे म्हणून.

मागच्या खेपेला भिंगरी बाळाला घेऊन येणार असं कळलं, तेव्हा त्यांनी वहिनीला जवळ बोलावलं. म्हणाले, माझे हे बूट फार वाजतात. मऊ रबरी तळाच्या चपला आणाल का? मागचंही मग तसंच मऊ पडेल, पोरीला ऐकू यायला नको. वहिनी आणते म्हणाली. चपलांचं दुकान तिच्या भाजीच्या वाटेवरच आहे. भिंगरी येऊन राहून गेली, आता पुन्हा यायची आहे, आणि वहिनी त्या दुकानाची पायरी अजून चढलेली नाही. बूट वाजतात तोवर ते जिन्यावर आहे की बाळाच्या पाळण्यापाशी, एवढं तरी तिला घरात कळतं.