मायच्या पाठीची आग आणि ‘येड्याची गोळी’

पाठीला ब्लाऊज टेकला तरी कळवळणाऱ्या बाईला तुम्ही वेडी म्हणाल का? आमच्या गावाने म्हटलं.

मायच्या पाठीवर नागीण उठली होती. फोड वाळले, आग राहिली. वाशिमच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया. म्हणजे नागीण गेली तरी तिने दुखावलेली नस जळत राहते. त्यांनी ॲमिट्रिप्टिलिन लिहून दिली. “झोपताना घ्या,” एवढंच म्हणाले.

शेलूबाजारच्या मेडिकलवाल्याने भर गर्दीत विचारलं, “मावशी, हे तं डिप्रेशनची गोळी हाय. डोक्याचा तरास हाय का?” आमच्या गावचे लोक तिथेच उभे होते. आमची जीप गावात पोचायच्या आत माय येडी ठरली.

गोळीने तोंड कोरडं पडायचं, सकाळी गुंगी राहायची. पण काही आठवड्यांत माय झोपू लागली, पाठीवर पदर घेऊ लागली.

मग चुलतभावाचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्नाची हळद सवाशिणी जात्यावर दळतात. मोठीमाय, म्हणजे माझी काकू, सांगायला आली, “येड्याच्या गोळ्या खानारीचा हात हळदीले चालत नाही. सोड त्या, मंग ये वं.”

मायने कुणालाही न विचारता गोळ्या एकदम सोडल्या.

हळदीच्या दिवशी तिने जात्याचा खुंटा धरला. थोडं दळून झालं आणि ती किंचाळली. सगळ्यांदेखत तिने ब्लाऊजची बटणं तोडली.

“पाहा! म्या म्हनलं नव्हतं, येडी हाय?” मोठीमाय म्हणाली.

“तुह्या पाठीवर निखारा ठेवू का, मोठीमाय?” मी ओरडले. “मंग पाहू तू कशी शहाणी राह्यतं!”

आम्ही पुन्हा वाशिमला गेलो. आता डॉक्टर बोलले, “जास्त डोसमध्ये ही गोळी नैराश्यावर देतात. कमी डोसमध्ये ती दुखऱ्या नसेला शांत करते. एकदम बंद करायची नसते.”

“हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“बाहेर रांग पाहिली का?”

पाहिली. रांगेतल्या प्रत्येकाचा तेवढ्या तीन वाक्यांवर हक्क आहे.

आणि समजा, मायला नैराश्यच असतं तर? तिचा हात लागून हळद बाटली असती का?

माय गोळी पुन्हा घेते, ओसरीवर बसून, सगळ्यांसमोर. आग कमी आहे, गेलेली नाही.

तुमच्या घरात कुणी अशी गोळी घेत असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा. लोकांच्या बोलण्याने ती सोडली तर नाही ना, विचारा. सोडली असेल तर त्यांना घेऊन डॉक्टरकडे जा, आणि गोळी कशासाठी आहे हे नीट कळेपर्यंत त्या खोलीतून उठू नका.