सळईला लावलेला कान

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. अप्पा ती बाजारातून, सभांमधून आणायचे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायची आणि ते वाक्यावाक्याला मान हलवायचे. चुकीला चूक म्हणायला मी तिथंच शिकले.

अप्पा दुबलगुंडीच्या शिवारात दुसऱ्याचं मळणीयंत्र चालवतात, माझ्या जन्माआधीपासून. ते काम कानाचं आहे. सोयाबीन जास्त पडलं की आवाज जड होतो. बेअरिंगचा संशय आला की अप्पा सळईचं एक टोक यंत्राला टेकवतात, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटतात. म्हणून मी कानात बोळे घाला म्हटलं की सगळे हसायचे.

"बोळं घालून झोपू व्हय?" अप्पा म्हणायचे.

"अक्का, आता मशीनलाच एक पत्रक वाचून दाव," यंत्रात सोयाबीन घालणारा ओरडायचा.

मग अप्पा घरात उत्तर देईनासे झाले. काकांच्या जाड आवाजाला उत्तर मिळायचं, आईला आणि मला नाही. सळईतून खरखर ओळखणाऱ्या माणसाचे कान गेले असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बायकांच्या हक्कांवरच्या पत्रकांत शिकलेलं कारण मी लावलं. एकदा सगळ्यांसमोर मी म्हणाले, "बाईचं ऐकायचंच न्हाई, असं म्हणा की सरळ!"

अप्पा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "कामून भांडायलीस?" एवढंच म्हणाले.

पुढं बिदरच्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी समजावलं: आवाज हवेतून लाटेसारखा येतो, पडदा हलवतो, तीन इवलीशी हाडं त्याला आत ढकलतात. आत पाण्यानं भरलेल्या शंखात केसांसारखे तंतू असतात. सततच्या गोंगाटानं ते मोडतात. आधी बारीक आवाजांचे मोडतात, म्हणून बायकांचं, पोरींचं बोलणं आधी जातं. ते पुन्हा उगवत नाहीत.

"पण सळईतून ऐकतात ना?" मी विचारलं.

"ती थरथर आहे. हाताला, हाडाला कळते. कानाला ऐकायचं यंत्र लावलं तरी आवाज मोठा होईल, शब्द सुटे होणार नाहीत."

यंदा मी स्वतः पत्रक लिहिलं: यंत्रमालकांनी कामगारांना कानाची झाकणं द्यावीत. मन्नाएखेळ्ळीच्या चौकात वाटलं. लोकांनी त्यात भजी गुंडाळली. अप्पा सुगीला पुन्हा यंत्रावर गेले.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "तुजं वाच की."

मी कागद तोंडासमोर धरून वाचायला लागले. ते मान हलवत होते. दुसऱ्या परिच्छेदाला माझा आवाज बसला, मी थांबले. कागद तसाच धरून ठेवला.

पलीकडं अप्पा मान हलवतच होते.