नारळ दिलास काय?

गलबताला चोपडलेल्या माशाच्या तेलाचा वास आला की मला आजही ती संध्याकाळ आठवते. चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. आमचे काका तांडेल, म्हणजे गलबताचे कप्तान होते. मांडवी बंदरात त्यांचा दरारा असा, की ते खाकरले तर भरतीसुद्धा थांबून विचारायची, येऊ काय? बंदर सोडताना आणि बंदरात शिरण्याआधी दर्याला नारळ द्यायचा रिवाज. त्या संध्याकाळी मी त्यांच्या गलबतावर होतो; परतताना काकांनी तो दिला आणि लगेच मला विचारलं, "नारळ दिलास काय रे?" "आत्ताच तुम्ही दिलात, काका." थोड्या वेळाने पुन्हा तेच. एक खलाशी हसला, "तांडेलानू, दर्याचं पोट फुटेल." मग समोर खडक आला, माडाएवढ्या लाटा उठल्या, आणि सुकाणू धरलेले काका आपल्याच मांडवीकडे बघत हळूच म्हणाले, "ह्यो गाव कंचा?" सगळ्यांचं हसू विझलं. तांडेलाच्या हातचं सुकाणू कुणी काढून घेत नाही. मी त्यांच्या हातांवर हात ठेवले, म्हटलं, "वळवा तुम्ही, मी नुसता जोर लावतो." आणि गलबत मीच वळवलं. खडक इतक्या जवळून गेला, की त्यावरची कालवं मला ओळखू लागली. काल मुलाची होडी सुटताना मी विचारलं, नारळ दिलास काय? तो म्हणाला, "बाबा, तिसऱ्यांदा विचारताय." मी म्हटलं, पहिल्यांदाच. जन्मभर थापा मारल्या, पण ही थाप नव्हती.