टबातली बाई आणि काकांची पाठ

जर्सी सिटीत बाविसाव्या मजल्यावरच्या आमच्या घरात त्या वर्षी चौघं राहत होतो: मी, बायको, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली आई आणि टबात पाठ धूत बसलेली एक उघडी फ्रेंच बाई.

चौथी बायकोने आणली. दोन हजार चार साल असावं. तिच्या व्हिसावर नोकरीला बंदी, म्हणून ती लायब्ररीतल्या चित्रकलेच्या वर्गाला जायची. एकोणिसाव्या शतकातल्या कुणा फ्रेंच चित्रकाराने म्हणे जन्मभर नाचणाऱ्या मुली आणि अंघोळ करणाऱ्या बायका रंगीत खडूंनी काढल्या. त्यातल्या एकीची नक्कल बायकोने तीन महिने खपून केली. सोमवारी ती लायब्ररीत लागणार होती, खाली बायकोच्या नावाची चिठ्ठी. या देशात वीजबिलावरसुद्धा तिचं नाव नव्हतं.

"हात लावू नकोस," तिने बजावलं. "खडू पक्का करायचा स्प्रे अजून मारला नाहीये. भिंतीवरून काढलंस तरी पूड झडेल."

आणि आईने रविवारी सत्यनारायण ठरवला.

"देवासमोर ही अशी बसणार?" आई म्हणाली. मी चित्रावर हलकाच पंचा सोडला.

दहा माणसांच्या खोलीत सत्तर आली. कथेतल्या साधुवाण्याला नौका लावायला जागा उरली नाही. मराठी मंडळाचे ज्येष्ठ काका, निवृत्त हार्ट सर्जन, ऑफव्हाइट रेशमी कुर्त्यात पुढे बसले. काकांची पाठ टेक्ससपेक्षा दोनच गल्ल्या अरुंद. 'कला आणि संस्कार' या विषयावर ते मंडळात इतकं बोलले होते की ऐकायला आलेली दोन मुलं घरी जाईपर्यंत लग्नाची झाली.

कथेत साधुवाण्याची नाव बुडाली आणि इकडे पंचा सुटला. बायका छताकडे पाहू लागल्या. पुरुष इतक्या निष्ठेने देवाकडे पाहू लागले की देवालाच संशय आला असावा.

"काका, गुडघे दुखतील," मी म्हणालो. "भिंतीला टेकून बसा ना."

काका टेकले. बाई झाकली गेली. मी स्वतःच्या हुशारीवर खूश. आरतीपर्यंत काका डुलक्या घेत डावी-उजवीकडे झुलत राहिले.

प्रसादाला उठले तेव्हा भिंतीवर नुसतं धुकं उरलं होतं.

"अहो," काकूंनी विचारलं, "तुमच्या पाठीवर कोण आहे?"

काका पाहायला गर्रकन वळले. बाईही वळली.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेच्या गारठ्यात मी आणखी दोन हिवाळे काढले. मग ती खडू घेऊन आली. "काका, कुर्ता काढू नका. तासभर बसाल?"

"मॉडेल म्हणून?" काका जरा खुलले.

"भिंत म्हणून."

पाठीवर ठसा उलटा उमटलेला, म्हणून मी आरसा धरला. त्यात बघून बायको कागदावरच्या पुसलेल्या रेघा पुन्हा ओढत होती. तासाचे चार झाले. काकांनी अकरा बशा शिरा संपवला. भरवत होती आमची आई. "हलू नका डॉक्टर," ती म्हणायची, "तिचा खांदा जाईल."

सोमवारी चित्र लागलं. काका तोच कुर्ता घालून अर्धं मंडळ घेऊन आले आणि दिसेल त्या अमेरिकनाला पाठ दाखवत, भिंतीवरच्या चित्राकडे बोट करून सांगू लागले, "दॅट इज द कॉपी." मग चिठ्ठी वाचून बायकोला म्हणाले, "माझंही नाव हवं होतं गं खाली."

बायकोने चिठ्ठी बोटाने सरळ केली.

"काका, भिंतीचं नाव कुणी लिहितं का?"