पांढऱ्या कपड्यातला पाहुणा

आमच्या शाळेच्या गायन-वादन पथकानं जिल्ह्यात पहिला नंबर काढला, म्हणून मुख्याध्यापकांनी सत्कार ठेवला. सत्कार पोरांचा, पण खुर्च्या, शाली आणि नारळ पाहुण्यांना. पोरांच्या वाट्याला स्वागतगीत. पाहुणे उशिरा, एकेक करून येत होते आणि प्रत्येकासाठी पोरं तेच गीत पहिल्यापासून म्हणत होती.

तेवढ्यात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला एक माणूस फाटकातून आत आला. पांढरे कपडे दिसले की आमच्या मुख्याध्यापकांची कंबर आपोआप वाकते. कोण, कुठला, काही न विचारता त्यांनी त्याला हाताला धरून मंचावर बसवलं. पुन्हा स्वागतगीत झालं. खांद्यावर पडलेल्या शालीकडं त्यानं पाहिलंही नाही. तबला वाजवणाऱ्या पोरीचे हात बघत तो मांडीवर बोटं नाचवत होता.

भाषणं लांबली. सूत्रसंचालकानं "वेळेअभावी पथकाचं वादन रद्द" असं जाहीर करून पांढऱ्या कपड्यातल्या पाहुण्याला दोन शब्द बोलायला उभं केलं. तो माईकवर म्हणाला, "आता ह्या लेकरायला वाजवू द्या की!"

साहेबांचा हुकूम म्हणून टाळ्या पडल्या. पोरांनी असं काही वाजवलं की मंचावर डुलक्या घेणारे पाहुणेही जागे झाले.

तो निघाला तेव्हा मी विचारलं, "साहेब, आपण कोणत्या खात्यात?"

"कशाचं खातं, सर? सोयरीक बघायला सोनपेठला जायलोय. गाडीला लय टाइम व्हता. गाणं ऐकू आलं म्हून आत आलो." मग शाल माझ्या हातात देत त्यानं मंचाकडं पाहिलं. "बाकीचे कशाला आले व्हते?"