अमेरिका तशी जवळच
परवा दुकानात पृथ्वीचा गोल दिसला आणि चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या क्वार्टरमधली ती दुपार आठवली. ताईच्या बाळंतपणासाठी आई एकटीच अमेरिकेला निघणार होती. बाबांनी गोलावर चेन्नईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणला, तर तो थेट उत्तरेला सैबेरिया-अलास्कावरून गेला. "एवढ्या बर्फावरून? मी नाही जात," आई म्हणाली. "अगं, तोच जवळचा रस्ता. पण अख्खा दिवस लागेल," बाबा म्हणाले. शेजारच्या मामींनी उटीला घेतलेली शाल आणून तिच्या खांद्यावर टाकली आणि तमिळमध्ये दटावलं, "लेक वाट बघतेय, मुकाट्यानं जा." आई गेली. पोचल्यावर फोनवर म्हणाली, "उगीच घाबरवलंत. पहाटे निघाले, त्याच दुपारी पोचलेसुद्धा." तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अर्ध्या दिवसाहून जास्त मागे असतात, हे गणित बाबांनी काढलं नाही, नुसते हसत राहिले. आई आजही सगळ्यांना सांगते, अमेरिका तशी जवळच आहे, आणि मीही मान डोलावते.